१७ मार्चच्या आत

या महिन्यात आलेल्या पत्रांत उसन्या पैशांची पत्रं सगळ्यांत जास्त आहेत. पहिलं पत्र जवळजवळ पूर्ण छापते आहे, कारण त्यातल्या तारखांवरच सगळं अवलंबून आहे.

प्रश्न : मी कळव्यात राहतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात एकतीस वर्षं काढून डिसेंबर २०२२ मध्ये निवृत्त झालो. माझ्या हाताखाली काम शिकलेला एक मुलगा मला काका म्हणतो. तो आता नेरुळला राहतो. त्याला तुर्भ्याला गाळा घ्यायचा होता. १७ मार्च २०२३ रोजी मी त्याला ६,५०,००० रुपये हातउसने दिले. ५,००,००० आरटीजीएसने आणि १,५०,००० रोख. त्याच संध्याकाळी माझ्या घरी १०० रुपयांच्या मुद्रांकावर करारनामा केला. ३१ मार्च २०२४ पर्यंत परतफेड, वर्षाला ८ टक्के व्याज. दोन्ही पानांवर त्याची सही आहे. साक्षीदार माझा मेहुणा आणि शेजारी. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याने यूपीआयने ४०,००० पाठवले. त्यानंतर व्हॉट्सअॅपवर ‘काका, दिवाळीनंतर नक्की देतो’ असंच चाललं आहे. परवा म्हणाला, कागद नोटरी केलेला नाही, कोर्टात टिकणार नाही, काय करायचं ते करा. आमची मंडळी म्हणते, त्याच्या घरात लहान मुलं आहेत, कोर्टकचेरी नको. कागद खरंच टिकणार नाही का? पोलिसांत जाऊ का?
— एक वाचक, कळवा

उत्तर : तुमचा कागद टिकेल. नोटरी केली नाही म्हणून उसन्या पैशांचा करारनामा बाद होतो, असं कुठल्याही कायद्यात म्हटलेलं नाही. नोटरीपुढे केला असता तर त्यांच्या नोंदवहीत त्याची आणखी एक सही सापडली असती, इतकंच. हे ओझं आधी मनावरून उतरवा.

तुमचं पत्र वाचताना माझी नजर थांबली ती १७ मार्च २०२३ या तारखेवर. उसने दिलेले पैसे वसूल करण्याच्या दाव्याला मुदत कायदा, १९६३ प्रमाणे तीन वर्षं मिळतात. ती कुठून मोजायची? करारात परतफेडीचा दिवस ठरलेला आहे, तो चुकला तिथून मोजा, म्हणजे मार्च २०२७ अखेरपर्यंत वेळ आहे, असं आपण म्हणू शकतो आणि मला ते बरोबर वाटतं. पण त्याच कायद्याच्या परिशिष्टात अनुच्छेद १९ आहे. तो सांगतो, उसन्या पैशांची मुदत पैसे दिल्या दिवसापासून धरायची. समोरचे वकील पहिल्याच कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, तो मांडणार. मग पैसे घेतले की नाही हा खरा प्रश्न बाजूला राहील आणि दोन-तीन वर्षं मुदतीच्या वादात जातील. तुमच्या वयाला ती परवडणारी नाहीत. १७ मार्च २०२६ च्या आत दावा दाखल करा, म्हणजे तो मुद्दाच उरणार नाही. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा जेमतेम दोन महिने उरलेले असतील.

‘पण त्याने ४०,००० दिले ना, मग मुदत वाढली’, असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. ते अर्धंच खरं आहे. काही रक्कम परत आली तर नवी तीन वर्षं मिळतात, पण त्या परतफेडीची नोंद देणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा त्याच्या सहीच्या लेखात असावी लागते, असं मुदत कायद्याचं कलम १९ म्हणतं. यूपीआयची नोंद म्हणजे सहीचा लेख का, यावर वाद होऊ शकतो. कर्जाच्या लेखी कबुलीचं कलम १८ आहे, तिथेही सही लागते आणि ती मुदत संपायच्या आत झालेली लागते. तेव्हा व्हॉट्सअॅपवरच्या ‘दिवाळीनंतर देतो’वर तुम्ही तीन वर्षं टांगू नका. नोटीस दिली की मुदत थांबते, हाही असाच एक समज. नोटिशीने मुदत एका दिवसानेही थांबत नाही.

हे मी इतकं घासून सांगते, त्याला कारण माझ्या घरातलं आहे. माझ्या वडिलांनी फंडातले पैसे काढून एका जवळच्या नातेवाइकाला दिले होते. कागदही झाला होता, चांगल्या अक्षरातला, दोघांच्या सह्यांचा. वडील दर दिवाळीला त्यांच्याकडे फराळाला जायचे आणि विषय न काढता परत यायचे. चौथ्या वर्षी आईने तो कागद माझ्यापुढे ठेवला. मी तेव्हा नुकती वकिली सुरू केली होती. तारीख वाचली आणि कागद घडी करून परत दिला. त्यावर माझ्या हाताने काही होण्यासारखं उरलं नव्हतं. आज कुणी भिडेपायी थांबलेलं दिसलं की मला तो कागद आठवतो.

आता सिद्ध कसं करायचं ते. पहिली गोष्ट, मूळ कागद. झेरॉक्सवर दावा लढवता येतो, पण मूळ का नाही हे आधी कोर्टाला पटवावं लागतं. मूळ करारनामा एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा, त्यावर काही लिहू नका, भोकं पाडू नका, आणि कृपा करून लॅमिनेट करू नका. कोर्ट नाक्यावर माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, त्यांनी मोठ्या मायेने करारनामा लॅमिनेट करून आणला होता. समोरच्याने सही नाकारली. हस्ताक्षरतज्ज्ञाला शाईचा दाब, कागदाचा पोत, पेन कुठे उचललं ते बघायचं असतं, आणि सगळं चकचकीत प्लास्टिकखाली गेलेलं. त्या एका प्लास्टिकच्या थराने आमचं किती काम वाढवलं ते मी विसरलेले नाही.

मुद्रांकाची मागची बाजूही बघा. विक्रेत्याचा शिक्का, अनुक्रमांक, कुणाच्या नावाने घेतला आणि कोणत्या तारखेला. करारावर १७ मार्च आहे आणि मुद्रांक २० मार्चला विकत घेतल्याचा शिक्का आहे, असे दस्त मी पाहिले आहेत. मागाहून कागद नीट करू म्हणून जुनी तारीख टाकलेली असते, मनात काही वाईट नसतं, पण उलटतपासात त्या तीन दिवसांवर सगळा दावा डळमळतो. तुमचा कागद त्याच संध्याकाळी झाला म्हणता, तर शिक्का त्याच दिवशीचा किंवा आधीचा असायला हवा.

१०० रुपयांचा मुद्रांक पुरेसा होता का, हाही प्रश्न निघेल. किती हवा होता ते मुद्रांक जिल्हाधिकारी ठरवतात. कमी पडला असेल तर महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम ३४ प्रमाणे उरलेलं शुल्क आणि दरमहा २ टक्के दंड भरला की दस्त पुराव्यात येतो. रक्कम फार नसते. दाव्याआधीच भरून मोकळे व्हा. (ज्यांच्याकडे करारनामा नसून ‘मागणी करताच देईन’ अशी वचनचिठ्ठी आहे, त्यांच्यासाठी एक इशारा: तिला केंद्राचा भारतीय मुद्रांक अधिनियम, १८९९ लागतो आणि रेव्हेन्यू स्टॅम्प नसेल तर ती दंड भरूनही दुरुस्त होत नाही. मग बँकेच्या नोंदींवर मूळ उसन्या पैशांचाच दावा उभा करावा लागतो.)

सहीबद्दल तो दोनपैकी एक बोलेल. ‘सही माझी नाही’ म्हणाला तर त्याच्या बँकेतल्या नमुना सह्या, गाळ्याच्या कागदांवरच्या सह्या कोर्टामार्फत मागवता येतात. मेहुण्यांनी किंवा शेजाऱ्यांनी त्याला सही करताना पाहिलं आहे. या दस्ताला साक्षीदार कायद्याने बंधनकारक नाहीत, पण आहेत तर त्यांतला एक पिंजऱ्यात उभा करा. शेजारी बरे, मेहुणे तुमचेच म्हणून समोरचे टोचतील. बहुतेक वेळा मात्र माणूस सही नाकारत नाही. तो म्हणतो, ‘सही माझी, पण कोऱ्या कागदावर घेतली.’ तसं झालं हे दाखवण्याची जबाबदारी मग त्याच्यावर येते. लेखी कराराच्या अटी तोंडी बोलण्याने बदलता येत नाहीत, हे जुन्या पुरावा कायद्यात होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ९५ मध्येही आहे. दोन्ही पानांवर सही आहे आणि मजकूर सहीच्या जागेशी नीट जुळून संपतो, हे तुमच्या बाजूचं आहे.

बँकेतून गेलेल्या ५,००,००० ची फार चिंता नाही. खातेउतारा बँकेकडून प्रमाणित करून घ्या, घरच्या प्रिंटरवरचा नको. तुमची खरी परीक्षा रोख दीड लाखावर आहे.

उलटतपासात काय विचारतात ते सांगते, म्हणजे तिथे घाम फुटणार नाही. पैसे कुठल्या खोलीत दिले? कोण कोण होतं? मोजले कुणी? दोन हजारांच्या नोटा होत्या की पाचशेच्या? (तेव्हा दोन हजारांची नोट चलनात होती. ती मागे घेण्याची घोषणा मे २०२३ मध्ये झाली.) पिशवीत दिले की पाकिटात? तुमच्याकडे एवढी रोकड आली कुठून? शेवटच्या प्रश्नाला मार्च २०२३ च्या आधीच्या दिवसांतली पैसे काढल्याची नोंद असेल, निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या ग्रॅच्युइटीचा कागद असेल, तर उत्तर देताना तुमचा आवाज आपोआप बदलेल. आजच वहीत त्या संध्याकाळचं जे जे आठवतं ते लिहून काढा. वहिनींनी चहा दिला असेल तर तेही. आठवत नाही त्याला ‘आठवत नाही’ म्हणा. न्यायाधीश रोज माणसं ऐकतात. सगळं घडाघडा पाठ म्हणणाऱ्यापेक्षा दोन गोष्टी विसरलेल्या माणसावर त्यांचा विश्वास लवकर बसतो, असा माझा अनुभव आहे.

रोख दिले म्हणून ते बुडीत, असं तो म्हणेल. आयकर कायदा, १९६१ च्या कलम २६९ एसएस प्रमाणे २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने उसनी घेऊ नये हे खरं, पण त्याचा दंड घेणाऱ्यावर आहे. त्या कलमाचा भंग झाला म्हणून कर्जच वसूल होण्याजोगं राहत नाही असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये धनादेशाच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं आहे. मात्र २ लाख किंवा त्याहून जास्त रोखीचा व्यवहार दाव्यात आला तर कोर्टाने आयकर विभागाला कळवायचं, असा आदेशही त्याच न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये दिलेला आहे. तुमची रोख त्याच्या आत आहे. तरीही यापुढे कुणालाही, सख्ख्या भावालाही, रोख देऊ नका.

मिळालेले ४०,००० दाव्यात पहिल्या पानावर कबूल करा. तुम्ही लपवले आणि त्याने दाखवले, तर तुमचे उरलेले खरे आकडेही संशयात येतात.

व्हॉट्सअॅपच्या मेसेजांनी मुदत वाढेल का हा वाद असला तरी त्याने देणं मान्य केलं होतं हे दाखवायला ते मोलाचे आहेत. त्यांच्यासोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यात आता हॅश व्हॅल्यूही, म्हणजे फाइल बदललेली नाही हे ओळखण्याचा आकडे-अक्षरांचा ठसाही, द्यावी लागते. ते वकील बघतील. तुम्ही फक्त तो फोन सांभाळा. नातवाने नवा घेऊन दिला तरी जुना विकू नका, रिसेट करू नका.

दावा कुठे? तो नेरुळचा, म्हणून बेलापूरच्या न्यायालयात चालतो. पण करार आणि पैशांची देवघेव कळव्यात तुमच्या घरी झाली, म्हणून ठाण्यातही चालतो. तुम्हाला कळव्याहून ठाणं जवळ, ठाण्यात करा. आणि साधा दावा करू नका. लेखी कराराने ठरलेली नक्की रक्कम मागायची आहे, तेव्हा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली संक्षिप्त दावा करा, वकील मंडळी त्याला समरी सूट म्हणतात. यात समन्स मिळाल्यावर प्रतिवादीला १० दिवसांत हजेरी नोंदवावी लागते. मग आपण निकालासाठीचं समन्स बजावतो आणि पुढच्या १० दिवसांत त्याला शपथपत्रावर कारण देऊन बचावाची परवानगी मागावी लागते. कारणात दम नसेल तर कोर्ट परवानगी नाकारतं आणि तुम्हाला हुकूमनामा, म्हणजे वसुली करता येईल असा कोर्टाचा निकाल, मिळतो, किंवा आधी रक्कम कोर्टात भर, मग लढ, अशी अट घालतं. तुमच्या वकिलांनी मथळ्यात दाव्याच्या क्रमांकाखाली आदेश ३७ लिहिलं आहे ना, आणि या आदेशाबाहेरची कुठलीही मागणी केलेली नाही हे वाक्य दाव्यात आहे ना, एवढं तुम्ही स्वतः वाचून बघा. घाईत ते राहून गेलं तर दावा साध्या रांगेत जाऊन बसतो.

एक नोटीस आधी पाठवा, १५ दिवसांची. कायद्याने ती सक्तीची नाही, पण बरेच पैसे नोटिशीवरच परत येतात. सप्टेंबर २०२५ पासून टपाल खात्याचं रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये मिळवलं आहे, तेव्हा पोचपावतीसह स्पीड पोस्ट करा आणि पावती जपा. उत्तरात त्याने ‘थोडी सवलत द्या’ असं सहीनिशी लिहिलं, तर तुम्हाला हवी ती कबुलीच मिळाली.

पोलिसांत जाऊ नका. घेतानाच फसवायचा हेतू होता हे दाखवता आलं तर गुन्हा होतो. ज्याने ४०,००० परत केले त्याच्याबद्दल ते दाखवणं अवघड आहे. ‘दिवाणी बाब’ म्हणून परत पाठवतील आणि हातातले आठवडे जातील.

वहिनींचं म्हणणं मी बाजूला टाकत नाही. दावा दाखल केला म्हणजे त्या मुलाच्या घरावर जप्ती आणली असं नाही. दाखल झाल्यानंतर लोकन्यायालयात बसून हप्ते बांधून घ्या. तिथला तडजोडीचा निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नसतं आणि भरलेलं न्यायालय शुल्कही परत मिळतं. त्याने हप्ता चुकवला तर नव्याने दावा करावा लागत नाही, थेट दरखास्त, म्हणजे निवाड्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावता येते, आणि दरखास्तीला बारा वर्षं असतात. त्याला सवलत द्यायची असेल तर मनमोकळेपणाने द्या, पण दावा नोंदला गेल्यावर द्या.

प्रश्न : माझ्या मिस्टरांनी जून २०२३ मध्ये त्यांच्या मित्राला ३,००,००० रुपये धनादेशाने दिले होते. सहीचा कागद आहे. मिस्टर गेल्या मे महिन्यात गेले. मित्र म्हणतात, ‘वहिनी, माझा व्यवहार त्याच्याशी होता, तुमचा माझा काय करार?’ आमचा मुलगा कॉलेजात आहे. सासूबाई आमच्याकडेच असतात.
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : ताई, देणं माणसाबरोबर जात नाही. ते पैसे आता वारसांचे आहेत. वारस म्हणजे तुम्ही, तुमचा मुलगा आणि सासूबाई. हिंदू वारसा कायद्यात आई पहिल्या वर्गातली वारस आहे, हे पुष्कळ घरांत विसरलं जातं आणि मग अर्ज अडतो. तिघांची नावं घाला.

त्या गृहस्थांच्या बोलण्यात तथ्य आहे ते एवढंच की भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम २१४ प्रमाणे वारसाला कर्जदाराविरुद्ध हुकूमनामा मिळायचा तर उत्तराधिकार प्रमाणपत्र दाखवावं लागतं. सक्सेशन सर्टिफिकेट म्हणतात ते हेच. तहसीलदाराकडचा वारस दाखला इथे चालत नाही. मिस्टर राहत होते त्या भागाच्या दिवाणी न्यायालयात अर्ज करायचा. हरकती मागवल्या जातात, त्यात महिने जातात.

म्हणून लक्षात ठेवा, कलम २१४ हुकूमनामा अडवतं, दावा दाखल करणं अडवत नाही. आणि मिस्टर गेले म्हणून मुदत थांबलेली नाही. धनादेशाने दिलेल्या उसन्या पैशांची मुदत धनादेश वटला त्या दिवसापासून मोजतात, तेव्हा खातेउताऱ्यात तो दिवस शोधा, तीन वर्षं पुढे मोजा आणि येत्या जूनच्या आधीच दावा दाखल करा. प्रमाणपत्राचा अर्ज बरोबरीने चालू द्या, ते आलं की दाव्यात जोडा.

मिस्टर सांगायला नाहीत, तेव्हा कागद झाला त्या वेळी हजर असलेलं कुणी आहे का याचा शोध आताच घ्या. खर्चाची धास्ती बाळगू नका. महिलांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. जवळच्या न्यायालयातल्या विधी सेवा समितीत चौकशी करा.

प्रश्न : मी शिलाईकाम करते. शेजारच्या चार-पाच जणींना अडीअडचणीला महिना शेकडा चारने पैसे देते. एकीला ८०,००० दिले होते. ती दर महिन्याला व्याज देऊन माझ्या वहीत सही करायची. नोव्हेंबर २०२३ नंतर बंद. मुद्दल ८०,००० आणि २६ महिन्यांचं व्याज ८३,२००, सगळं मिळेल का?
— एक वाचक, घणसोली

उत्तर : ताई, तुमची वही फार चांगली ठेवलेली आहे. व्याज घेताना तिची सही घेतलीत, म्हणून मुदत कायद्याच्या कलम १९ चा फायदा तुम्हाला मिळतो. वरच्या पत्रातल्या काकांच्या यूपीआयला जे नाही ते तुमच्या वहीत आहे. शेवटच्या सहीपासून तीन वर्षं, म्हणजे नोव्हेंबर २०२६ पर्यंत मुदत जिवंत आहे.

पण तीच वही तुमच्या अंगावरही येऊ शकते, आणि हे मला तुम्हाला स्पष्ट सांगितलंच पाहिजे. चार-पाच जणींना, पुन्हा पुन्हा, ठरलेल्या व्याजाने पैसे देणं याला कोर्ट सावकारीचा धंदा म्हणू शकतं. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवाना नसलेल्या सावकाराला हुकूमनामा देता येत नाही आणि विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. परवानाधारक सावकारालासुद्धा बिगरशेती, बिगरतारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर घेता येत नाही. महिना शेकडा चार म्हणजे वर्षाला ४८. तुमच्या मनात कुणाला लुबाडायचं नव्हतं हे पत्रावरून कळतं, पण कोर्टापुढे तुमचं मन येत नाही, ती वही येते.

व्याजाचं म्हणाल, तर आपल्याकडे दामदुप्पटीचा नियम जुन्या काळापासून आहे आणि हिंदू कर्जदाराच्या बाबतीत कोर्ट तो आजही लावतं. थकलेलं व्याज एका वेळी मुद्दलाच्या वर जात नाही. म्हणजे ८३,२०० हा आकडा तसाही ८०,००० वर थांबला असता.

माझं मत विचाराल तर दाव्याच्या वाटेला जाऊ नका. ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दाखलपूर्व तडजोडीचा अर्ज करा, लोकन्यायालयात तिच्यासमोर बसा आणि मुद्दल मागा. यापूर्वी तिने किती व्याज भरलं ते वहीत आहेच, ते बेरीज करून बरोबर न्या. व्याज सोडते म्हणालात तर ८०,००० चे महिना चार-पाच हजारांचे हप्ते बांधून मिळतील, असं मला वाटतं. बाकीच्या जणींचा हिशेबही याच महिन्यात मुद्दलावर मिटवा आणि शेकड्याने पैसे देणं थांबवा. वही मात्र फाडू नका, त्यात तुमच्या मुदतीच्या सह्या आहेत.